कपडे वाटायला बसण्याआधी
इंदूरात लोकांनी दिलेले जुने कपडे आणि घरगुती वस्तू गरजूंना वाटायचं काम नव्यानं हाती घेताय, तर सगळ्यात जास्त वेळ छाटणीला द्या. प्रत्येक कपडा उजेडात धरून बघा: काखेत विरलाय का, चेन चालते का, इलास्टिक सैल पडलंय का. पावसाळ्यात आलेले गठ्ठे बांधून ठेवू नका. ओल धरली की कुबट वास येतो आणि बुरशीचे डाग धुऊनही जात नाहीत. कुकर आला तर रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा. रिंग कडक झाली असेल तर नवी घालूनच द्या. स्वेटर-ब्लँकेटं दिवाळी झाली की लगेच काढा, माळव्यातल्या रात्री तेव्हापासूनच गारठतात. ढीग ओतून वाटप मात्र कधीच नको. ओढाओढ होते, म्हातारी माणसं मागे राहतात. मापाप्रमाणे मांडा, घरटी एक टोकन द्या, आणि ज्याचं त्याला निवडू द्या.