इंग्रजी बोलताना इन, ऑन, ॲट नेमके कुठे वापरायचे? यादी पाठ करूनही जमत नाही

तुम्ही लिहिलंय की सीताबर्डीला कपड्यांच्या दुकानात कामाला आहात, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलावं लागतं, प्रिपोझिशनची यादी अर्थासकट पाठ आहे, तरी ऐन वेळी सगळी खिचडी होते. शिवाय 'सर, कुर्ता विल बी रेडी टिल फाइव्ह' म्हटल्यावर गिऱ्हाईक गोंधळलं, ते का, हेही विचारलंय. मी नागपुरातच मोठ्या माणसांची संध्याकाळची बॅच घेतो. हा प्रश्न दर बॅचला येतोच.

पहिले ती यादी बाजूला ठेवा. 'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर' हे टेबल आणि डब्यापुरतं ठीक आहे, पुढे नाही. गोंधळाचं मूळ आपल्या मराठीत आहे: आपला एकेक प्रत्यय तीन-चार कामं उरकतो आणि इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द लागतो. यादी करायचीच असेल तर मराठीची करा: ला, पर्यंत, पासून, ने. बोलताना या चार ठिकाणी क्षणभर थांबायचं, बाकी बिनधास्त बोलायचं.

'ला' सगळ्यात खोडकर. नागपूरला राहतो, नागपूरला जातो, पाचला येतो; आपल्याकडे तर सोमवारला येतो असंही सर्रास म्हणतात. तेव्हा आधी पाहायचं, 'ला' एखाद्या जागेला लागलाय आणि त्या जागी जाणं-येणं आहे का? असेल तर टू. 'गो टू नागपूर', 'कम टू द शॉप'. (होमपुढे मात्र टू नको, नुसतं 'गो होम'.) त्या जागी नुसतं राहणं किंवा घडणं असेल, किंवा पाचला, सोमवारला असा 'ला' वेळेला लागला असेल, तर इन, ऑन, ॲटपैकी एक.

हे तिन्ही एकाच घटनेवर बसवून पाहा. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ते साल सांगायचं तर इन 1956, महिना सांगायचा तर इन ऑक्टोबर. पण तारीख आली की ऑन 14 ऑक्टोबर 1956. त्यात महिना आणि साल दोन्ही आहेत, तरी ऑनच, कारण आपण दिवस सांगतोय. घड्याळातली वेळ आली की ॲट. जागेचंही साधारण असंच: शहर मोठं म्हणून इन नागपूर, रस्ता असेल तर ऑन सेंट्रल ॲव्हेन्यू, नेमकं ठिकाण असेल तर ॲट दीक्षाभूमी. थोडे अपवाद आहेत, ते तसेच्या तसे तोंडात बसवा: इन द मॉर्निंग, पण ॲट नाइट, आणि वार जोडला की ऑन मंडे मॉर्निंग. नेक्स्ट, लास्ट, धिस आले की पुढे काहीच लावायचं नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' नको, 'नेक्स्ट मंडे' पुरे.

गिऱ्हाइकाला रस्ता सांगताना उपयोगी पडेल असं एक: ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, ज्यात वाकून शिरून थेट बसतो त्याला इन. म्हणून ऑन द मेट्रो, ऑन द बस, पण इन द ऑटो, इन द कार. स्कूटरवर आपण वरच बसतो, तिथे ऑन. खापरीकडून येऊन कुणाला लोकमान्य नगरकडे जायचं असेल तर 'गेट ऑन द मेट्रो ॲट खापरी अँड चेंज ॲट सीताबर्डी'. स्टेशन हे नेमकं ठिकाण, म्हणून दोन्हीकडे ॲट.

आता तुमचा कुर्ता. आपण 'पाचपर्यंत आल्टर करून मिळेल' म्हणतो आणि 'दुकान नऊपर्यंत उघडं आहे' असंही म्हणतो. दोन्हीकडे पर्यंत, पण कामं वेगळी. पहिल्यात एक काम पाचच्या आत कधीतरी उरकणार; त्याला बाय. 'द कुर्ता विल बी रेडी बाय फाइव्ह.' दुसऱ्यात एक स्थिती नऊ वाजेस्तोवर तशीच चालू राहणार; त्याला टिल किंवा अनटिल. 'वी आर ओपन टिल नाइन.' तुमच्या वाक्यातून गिऱ्हाइकाला वाटलं असणार की कुर्ता पाचपर्यंतच तयार आहे, मग पाचनंतर त्याचं काय होणार बाप्पा? मनात पर्यंतच्या जागी 'च्या आत' घालून पाहा. अर्थ जुळला तर बाय, नाही जुळला तर टिल.

'पासून' सोपं आहे. सुरुवात कधी झाली ते सांगत असाल तर सिन्स 2023, किती काळ झाला ते सांगत असाल तर फॉर टू इयर्स. 'सिन्स टू इयर्स' आपल्याकडे इतकं ऐकू येतं की तेच बरोबर वाटायला लागतं. आणि सीताबर्डीपासून धरमपेठपर्यंत अशी जागेची गोष्ट असेल तर फ्रॉम आणि टू. 'ने'चं तर एका ओळीत होतं: बसने आलो तर बाय बस, कात्रीने कापलं तर विथ सिझर्स.

या चार जागांत न बसणारं जे उरतं ते बहुतेक एखाद्या क्रियापदाशी किंवा विशेषणाशी बांधलेलं असतं. तिथे डोकं चालवून उपयोग नाही, जोडीच पाठ करायची: वेट फॉर, लिसन टू, गुड ॲट, मॅरिड टू. केंब्रिजची डिक्शनरी फोनवर फुकट उघडते. शब्द शोधला की उदाहरणांत त्याचा जोडीदार दिसतो. काही क्रियापदांना जोडीदार चालतच नाही. 'रीच्ड टू द शॉप' चूक, 'रीच्ड द शॉप' बरोबर. दुकानात भाव करताना 'डिस्कस अबाऊट द प्राइस' हमखास तोंडी येतं, तिथेही अबाऊट नको. अबाऊट सुटतच नसेल तर डिस्कस सोडा आणि टॉक घ्या. 'लेट अस टॉक अबाऊट द प्राइस' अगदी बरोबर आहे.