महागडा बूट घेण्याआधी

कॉलेज रोडवर बूट आवडला म्हणतोस, तर आधी तो उलटा करून बघ. गुडइयर वेल्टची शिलाई, म्हणजे कडेच्या पट्टीला तळ शिवून जोडलेला असेल, तर तळ झिजल्यावर नवा बसवता येतो. कातडंही चांगलं असेल तर जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. मात्र कडेची शिलाई कधीकधी नुसती शोभेची असते, म्हणून तळ बदलून मिळेल का, हे स्पष्ट विचार. चिकटवलेला असेल, तर बहुधा नावाचेच पैसे. लुबूटाँ या महागड्या फ्रेंच ब्रँडचा लाल तळ देखणाच, पण चालून रंग जातो. आपल्या नाशिकच्या पावसात चामड्याचा तळ घालूच नकोस. माप संध्याकाळी घे, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा तळ मात्र जपून ठेवू नकोस, वर्षानुवर्षं न वापरताही त्याचा भुगा होतो.