घर सोडण्याची नोटीस कशी द्यावी?

प्रश्न : पुण्यात आम्ही ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. बदली झाल्याने मुदतीपूर्वीच घर सोडावे लागणार आहे. घरमालकांना फोनवर कळवले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. नोटिशीची मुदत तुमच्या नोंदणीकृत करारात दिलेली असते. बहुधा ती एक महिन्याची असते, परंतु लॉक-इन कालावधीचे, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याच्या अटीचे, कलम आधी नीट वाचावे, कारण त्या काळात घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे मागितले जाऊ शकते. नोटिशीच्या पत्रात घराचा पत्ता, कराराची तारीख, ताबा देण्याचा नेमका दिवस आणि अनामत रक्कम कोणत्या खात्यात जमा करावी हे लिहून ते पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे व प्रत ई-मेलनेही द्यावी. किल्ल्या सोपवताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि ताबा मिळाल्याचे मालकांकडून लिहून घ्यावे. अनामतीचे वाद या एका कागदाअभावीच चिघळतात, म्हणून येथे भिडस्तपणा करू नये. मात्र कराराची मुदत उलटूनही घर न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.