खेळातले गुण वाढले, विसरणे तसेच!

‘मेंदूचे खेळ खेळून स्मरणशक्ती वाढते का?’ हा प्रश्न दर वेळी नव्या वेशात येतो. त्यातली काही पत्रे इथे एकत्र घेतली आहेत.

रोज सुडोकू सोडवतो. विसरभोळेपणा कमी होईल?

सुडोकू जास्त चांगले सुटेल. आवडत असेल तर खुशाल सोडवा.

वय ७०. मोबाइलवरच्या खेळात माझे गुण दुप्पट झाले, पण चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. असे का?

कारण तुम्ही त्या खेळात तरबेज झालात. सरावाचा फायदा मिळत्याजुळत्या कामापर्यंत जातो, त्यापुढे क्वचितच. अमेरिकेतल्या ‘ॲक्टिव्ह’ अभ्यासात ६५ वर्षांवरचे २,८३२ जण होते. एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे, तिसऱ्याला नजरेने झटपट टिपण्याचे प्रशिक्षण दिले. चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत तासा-सव्वा तासाची १० सत्रे झाली. ज्याने जे घोटले, तेच सुधारले. तर्क घोटणाऱ्यांची स्मरणशक्ती वाढली नाही. दहा वर्षांनी तर्क आणि वेग यांतला फायदा टिकून होता, स्मरणातला नव्हता. रोजची कामे कमी जड जातात असे प्रशिक्षण घेतलेल्यांनी सांगितले खरे. पण तीच कामे करून दाखवायला लावली तेव्हा फरक दिसला नाही.

आता तुमचा चष्मा. पडद्यावरचे चौकोन तुम्ही डोळे रोखून पाहता. चष्मा ठेवताना मात्र लक्ष भलतीकडे असते. जागा मनात नोंदलीच गेली नाही, तर आठवणार काय? चष्म्याला एकच जागा ठरवा आणि ठेवताना मोठ्याने म्हणा, ‘चष्मा टेबलावर.’ नवे नाव ऐकले की लगेच उच्चारा. मग अर्ध्या, दोन आणि पाच मिनिटांनी न बघता आठवा. जे काम अडते, सराव त्याचाच करावा.

‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ ॲपची वर्षाची वर्गणी भरू का?

आधी विचारा : तुलनेच्या गटाने तेवढाच वेळ दुसरे काही केले होते का? सुधारणा खेळाबाहेर मोजली का? २०१६ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करून २० लाख डॉलर मोजावे लागले. ‘आजची शेवटची सवलत’ हा काही पुरावा नव्हे.

आई (७४) सहा महिन्यांपासून एकच बिल दोनदा भरते. आधी तीन महिने ॲप वापरून पाहू?

नाही. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या, यांपैकी काहीही मागे असू शकते आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. आणि स्मरणचाचणीचे नमुने घरी घोटवून नेऊ नका. गुण फुगतात आणि निदान लांबते.