शंका तुमच्या : प्रोग्राममध्ये सॉलिटॉन का उमटत नाहीत?

प्रश्न : लिथियम-७च्या कंडेन्सेटसाठी (एकाच तरंगासारखा वागणारा अतिथंड अणूंचा ढग) एकमितीय ग्रॉस-पिटाएव्स्की समीकरणाचा (असा तरंग कसा बदलतो ते सांगणारं समीकरण) प्रोग्राम लिहिला आहे. अणू १ लाख, लांबी २०० मायक्रॉन, आडव्या दिशेने सापळ्याची वारंवारता ८०० हर्ट्झ. घनता सगळीकडे सारखी ठेवून स्कॅटरिंग लेंग्थ (अणू एकमेकांना किती ओढतात वा ढकलतात याचं माप; उणे म्हणजे ओढ) उणे ०.१६ नॅनोमीटर केली. ३० मिलिसेकंद चालवूनही आलेख सपाटच, सॉलिटॉन (आकार न बदलता टिकणारे अणूंचे गोळे) उमटत नाहीत. चूक कुठे आहे?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : प्रोग्राम बहुधा बरोबर आहे, त्याला बिघडायला निमित्तच मिळालेलं नाही. नर्मदेच्या नळाची बारीक धार खाली येता येता थेंबांत तुटते, ती धारेत मुळातच असलेल्या किंचित जाड-बारीकपणामुळे. तुमची धार गणिती अर्थाने निर्दोष आहे. अणूंमध्ये आकर्षण असलं की घनतेतला बारीकसा चढउतार दर ठरावीक काळाने २.७ पट होतो. तो काळ काढायला दर मीटरमागची अणुसंख्या, स्कॅटरिंग लेंग्थ, आडवी कोनीय वारंवारता आणि २ यांचा गुणाकार करून त्याचा व्यस्त घ्या. तुमच्या आकड्यांसाठी तो सव्वा मिलिसेकंद येतो. पण सुरुवातीला चढउतार म्हणजे फक्त संगणकाची सोळाव्या दशांश स्थानावरची पूर्णांकन-चूक. ती डोळ्यांना दिसेपर्यंत वाढायला ४५ मिलिसेकंदांच्या आसपास लागतील, आणि तुम्ही ३० ला थांबलात.

थांबून वाट पाहू नका, ती चूक म्हणजे भौतिकी नव्हे. प्रत्येक तरंगलांबीला सरासरी अर्ध्या अणूएवढा यादृच्छिक गोंगाट द्या, कला (फेज, म्हणजे तरंग चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) सुद्धा यादृच्छिक. मग साधारण ७-८ मिलिसेकंदांत आलेख फुटेल. सगळ्यात वेगाने वाढणारी तरंगलांबी सुमारे १५ मायक्रॉन आहे, म्हणजे १३ च्या आसपास गोळे मिळायला हवेत. बिंदू १०२४ घ्या (अंतर ०.२ मायक्रॉन), वेळेचं पाऊल १ मायक्रोसेकंद. पाऊल ३ मायक्रोसेकंदांच्या आसपास नेलंत, तर स्प्लिट-स्टेप पद्धत (समीकरणाचे दोन भाग आळीपाळीने छोट्या पावलांनी सोडवण्याची) स्वतःच अस्थिर होते आणि करवतीच्या दातांसारखी रेघ उमटते. नवखे तिलाच सॉलिटॉन समजतात. पडताळा सोपा आहे : पाऊल निम्मं करा. खरे गोळे टिकतात, दात जातात.

आता खरी गोम. ते १३ गोळे पडद्यावर छान नाचतील, पण प्रयोगशाळेत टिकणार नाहीत. एका गोळ्यात साधारण ७,७०० अणू येतात. आणि मर्यादा? आडव्या सापळ्याची नैसर्गिक लांबी (इथे १.३४ मायक्रॉन) भागिले स्कॅटरिंग लेंग्थ, गुणिले ०.६७ : जेमतेम ५,६००. त्यापुढे गोळा तिन्ही दिशांनी आत कोसळतो आणि त्यातले बरेच अणू गमावतो. एकमितीय समीकरणाला आडवी दिशा ठाऊकच नाही, म्हणून ते कोसळणं कधीच दाखवत नाही. अणू ५० हजार करा : तरंगलांबी २१ मायक्रॉन, गोळे नऊ-दहा, प्रत्येकात ५,३०० च्या आसपास. मर्यादेच्या आत, पण काठावरच. तेव्हा स्कॅटरिंग लेंग्थ शून्याच्या आणखी जवळ आणून पाहा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात लिथियम-७ मध्येच सॉलिटॉनांची माळ दिसली. तिथे शेजारी गोळे एकमेकांना ढकलत होते, म्हणजे त्यांच्या कला साधारण विरुद्ध होत्या. समान कलेचे शेजारी ओढले जाऊन एक होतात आणि मर्यादा ओलांडतात.

प्रश्न : आपल्या कॅटमध्ये (इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आता आरआरकॅट) रुबिडियमचे थंड अणू वापरतात. मग लिथियमच का? रुबिडियमचे सॉलिटॉन होत नाहीत का?
— निवृत्त शिक्षक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : होतात, पण उलटे. रुबिडियम-८७ चे अणू एकमेकांना ढकलतात (स्कॅटरिंग लेंग्थ अधिक ५.३ नॅनोमीटर). त्यामुळे गोळा बनत नाही, घनतेत खाच पडते : काळा सॉलिटॉन. १९९९ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला कंडेन्सेटच्या अर्ध्या भागावर क्षणभर लेझर टाकून, त्या भागाची कला सुमारे १८० अंशांनी सरकवून, तो बनवला. सापळा अरुंद हवा. रुंद असला तर खाच सापासारखी वळते आणि तिची भोवरा-कडी होते. अमेरिकेत बोल्डरला २००१ मध्ये हे पाहिलं गेलं. लिथियम-७ ची सोय अशी, की त्याची स्कॅटरिंग लेंग्थ चुंबकीय क्षेत्राने बदलता येते, ५४४ गाउसच्या आसपास ती शून्यातून जाते आणि तिथला उतार फार मंद आहे. चुंबकाच्या विद्युतप्रवाहात थोडी चूक झाली तरी स्कॅटरिंग लेंग्थ हाताबाहेर जात नाही. आकर्षण हवं असलं, तर रुबिडियमचाच भाऊ रुबिडियम-८५ आहे. मात्र त्याचं कंडेन्सेट करणंच कठीण, तेव्हा आधी ८७ वर हात बसवलेला बरा.