जुन्या वारसा घराचा कठडा दुरुस्त करायचाय, काँक्रीटचे बॅलस्टर निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की गच्चीच्या कठड्याचे बरेच बॅलस्टर, म्हणजे कठड्यात रांगेने उभे असलेले घाटदार छोटे खांब, तडकलेत, काही ठिकाणी तर आतली सळई उघडी पडलीय आणि कंत्राटदाराचं म्हणणं आहे की सगळंच काढून कॅटलॉगमधले रेडिमेड काँक्रीटचे बसवून टाकू. माझं स्पष्ट मत, असं करू नका. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी करतो आणि सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, की चांगले धडधाकट बॅलस्टर पाच-सहा तुटक्यांच्या नादात मलब्यात जातात. एकदा गेले की गेले, तो घाट परत मिळत नाही.

म्हणून आधी मोजणी करा. प्रत्येक बॅलस्टरला नंबर द्या, फोटो काढा आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बघा. शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो, आतून सुटलेला असेल तर बद्द येतो. मानेपाशी, म्हणजे जिथे तो सगळ्यात बारीक असतो तिथे, उभी भेग आणि तिच्या कडेने तांबूस डाग दिसला तर आतली सळई गंजलीय असं धरून चाला. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते, पीएच 12-13 च्या आसपास, त्यामुळे लोखंड सुरक्षित राहतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, पीएच 9 च्या आसपास उतरतो आणि ते संरक्षण संपतं, मग पाणी पोचलं की गंज सुरू, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून काँक्रीट आतूनच फुटतं. अशा भेगेवर वरून सिमेंट लिंपणं म्हणजे पैसे वाया.

हेही तपासा की मूळ बॅलस्टर खरंच काँक्रीटचे आहेत का. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच 1824 चं आहे आणि सळया घातलेलं काँक्रीट त्याच्याही बरंच नंतर रुळलं, त्यामुळे घर त्याआधीचं असेल तर बॅलस्टर दगडाचे, भाजक्या मातीचे किंवा विटेवर चुन्याचा गिलावा केलेले असण्याची शक्यता जास्त. रंगाचे थर चढले की सगळं एकसारखंच दिसतं, म्हणून एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग खरवडून बघा. मूळ दगड असेल तर तुटलेल्याच्या जागी दगडच बसवणं पहिला पर्याय, काँक्रीट त्यानंतर.

आता नवीन किती लागतील ते कळलं की साचा. कॅटलॉगमधला बॅलस्टर 'साधारण तसाच' असतो आणि तो साधारणपणाच डोळ्यात खुपतो, कारण कठडा म्हणजे एकच आकार रांगेत पुन्हा पुन्हा, एकाचं पोट जरा वर सरकलं किंवा मान जाड झाली की अख्खी ओळ बिघडते. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला मूळ बॅलस्टर निवडा, त्याच्यावरचे रंगाचे सगळे थर काढा (हे न करता साचा घेतला तर कडा बोथट येतात, पट्ट्यांमधल्या खाचा भरून जातात, आणि मग पुढचे सगळे तसेच) आणि त्यावरून सिलिकॉन रबरचा साचा करून घ्या. थोडेच बॅलस्टर लागत असतील तरी साचा करा, पुढे कधी एखादा फुटला तर उपयोगी येतो.

ओतकामाचे दोन-तीन प्रकार तुम्हाला सांगतील. ओलं ओतलेलं काँक्रीट घट्ट असतं, बारीक नक्षी नीट उतरते, पण पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि हवेचे बुडबुडे राहू शकतात. जेमतेम ओलसर माल साच्यात ठोकून भरायची पद्धत असते, त्याला दगडासारखा दाणेदार पोत येतो, म्हणून दगडी घराला तो जास्त शोभतो, फक्त पाणी किती शोषतो याचा टेस्ट रिपोर्ट मागा. तिसरा जीआरसी, काचेचे तंतू घातलेलं, पातळ आणि पोकळ. जुन्या सज्जाला वजन झेपत नसेल तेव्हा तो खरंच कामाचा, कारण साधं काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरतं, पण तंतू अल्कलीला टिकणारेच हवेत, साधे काचतंतू सिमेंटमध्ये खराब होतात. आतून थर्मोकोल आणि वरून पातळ लेप असले बॅलस्टर मात्र वारसा घराला लावूच नका, धक्का लागला की पोचे पडतात.

सळईबद्दल कंत्राटदाराशी भांडायची वेळ आली तरी भांडा. मान समजा 65 मिमी जाड आहे आणि सळई 8 मिमीची, तर ती अगदी मधोमध बसली तरच चारी बाजूंनी 28 मिमी काँक्रीट मिळतं, ओतताना जरा सरकली की एका बाजूला दहा-बारा मिमीच उरतं आणि पुन्हा तोच गंज. त्यामुळे स्टेनलेस स्टील मागा, समुद्राजवळ असाल तर 316 ग्रेड, आणि सळई साच्यात मध्यावर कशी धरून ठेवणार ते त्यांना दाखवायला सांगा.

रंग जुळवताना लोक सिमेंटमध्ये रंगाची पूड घालायला धावतात. खरा रंग येतो तो वाळू आणि दगडाच्या चुऱ्यातून. पांढरं सिमेंट, मूळ दगडाशी जुळणारा चुरा आणि साच्यातून काढल्यावर वरचा सिमेंटचा पापुद्रा हलका धुऊन काढलेला, म्हणजे दाणे उघडे पडतात. जुळवणी करताना मळलेल्या काळ्या भागाशी करू नका, मूळ बॅलस्टरचा स्वच्छ केलेला भाग समोर ठेवा. नवा सुरुवातीला उजळ दिसेल, दिसू दे, ऊनपावसाने तो उतरतो. जतनाच्या कामात ज्याचा आधार घेतात त्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही हेच आहे, नवीन भाग जुन्यात मिसळून जावा पण नीट बघितलं तर वेगळा ओळखू यावा. आम्ही नव्याच्या तळाला साल कोरतो, वरून काही दिसत नाही पण पुढच्या माणसाला कळतं.

उंचीचा प्रश्न हमखास येतो. जुने कठडे बरेचदा बुटके असतात आणि आजचे नियम बहुतेक ठिकाणी 900 ते 1100 मिमीच्या आसपास मागतात, शिवाय दोन बॅलस्टरमधून 100 मिमीचा गोळा जाता कामा नये असंही बऱ्याच ठिकाणी असतं. पण त्यासाठी बॅलस्टर ताणून उंच करू नका, प्रमाण पार जातं. कठड्याच्या आतल्या बाजूला थोडं अंतर सोडून बारीक स्टीलचा दांडा किंवा काच लावा, बाहेरून जवळपास दिसत नाही आणि उद्या काढताही येते. आधी तुमच्या भागातला नियम आणि वारसा विभागाची परवानगी दोन्ही बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी जुन्या इमारतींना सवलत असते.

बसवणीत पाणी हाच शत्रू. वरच्या कोपिंगला, म्हणजे बॅलस्टरांच्या माथ्यावरून जाणाऱ्या आडव्या पट्टीला, उतार हवा आणि खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच हवी, ती नसेल तर पाणी ओघळून थेट बॅलस्टरच्या माथ्यावर येतं, तुमचे बहुतेक याच्यानेच गेले असणार. सांध्यात कडक सिमेंटचा माल नको, बॅलस्टरपेक्षा मऊ चुन्याचा हवा, म्हणजे हालचाल झाली तर सांधा तडकेल, बॅलस्टर नाही. आणि लांब ओळ असेल तर जाड खांबांपाशी फटी सोडा, 10 मीटर काँक्रीट 30 अंशांच्या फरकात सुमारे 3 मिमी हलतं. वरून प्लास्टिकसारखा थर बसणारा रंग टाळा, आतली ओल अडकते.

ऑर्डर देण्याआधी एकच नमुना ओतून घ्या, दोन जुन्यांच्या मध्ये उभा करा, उन्हात बघा, मग पाणी मारून ओला बघा, रस्त्यावरून बघा. पटला नाही तर मिश्रण बदलायला सांगा, साचा तोच राहतो.