जुन्या लष्करी गणवेशांचे फर्मे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हौसेने शिवणकाम करतो. यंदा आमच्या मंडळाचं चिमूरच्या १९४२ च्या उठावावर नाटक आहे. आठ गोरे शिपाई आणि एक अधिकारी उभा करायचा आहे. मोबाइलवर 'बॅटलड्रेस'चा तयार फर्मा (कापड बेतायचा कागदी नमुना) विकत मिळतो. तो घेऊ का? आणि असे जुने फर्मे एरवी शोधायचे कुठे?
— एक वाचक, वडसा (देसाईगंज), जि. गडचिरोली

उत्तर : तो फर्मा घेऊ नका. बॅटलड्रेस म्हणजे जाड लोकरी सर्जचं, कंबरेपर्यंतचं आखूड जॅकेट आणि पँट. तो थंड मुलखासाठीचा वेश. चिमूरचा उठाव ऑगस्टमधला. त्या हवेत इथले गोरे शिपाई सुती खाकी ड्रिलचा (जाड, तिरप्या विणीच्या कापडाचा) शर्ट आणि अर्धी चड्डी घालत. सहज मिळालेला फर्मा आपल्या नाटकाच्या काळाचा असेलच असं नाही. म्हणून आधी साल, ठिकाण आणि ऋतू कागदावर लिहा आणि मगच शोधाला लागा.

शोधायच्या जागा तीन, आणि तिघींचं काम वेगळं. ब्रिटिश युद्धखात्याची 'ड्रेस रेग्युलेशन्स' (१९०० सालची आवृत्ती चित्रांसह आहे) कोणत्या हुद्द्याला कोणतं कापड, किती बटणं, कुठे गोट एवढंच सांगते. त्यात फर्मा नाही, आणि ती अधिकाऱ्यांपुरतीच आहे. प्रत्यक्ष बेतणी शिकवतात ती त्या काळच्या शिंप्यांची पुस्तकं. डब्ल्यू. डी. एफ. व्हिन्सेंट यांच्या 'कटर्स प्रॅक्टिकल गाइड' मालिकेत लष्करी गणवेशांचा स्वतंत्र भाग आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या ट्यूनिक (अंगाबरोबर बसणारा लष्करी कोट), फ्रॉक (रोजचा साधा लष्करी कोट) आणि ब्रीचेस (गुडघ्याखाली घट्ट विजार) यांसाठी उत्तम, १९४२ साठी मात्र निरुपयोगी. तिसरी जागा म्हणजे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियम आणि नॅशनल आर्मी म्युझियम यांच्या संकेतस्थळांवरचे फोटो. तिथे 'युनिफॉर्म' असा मोघम शब्द टाकू नका. वस्तूचं खरं नाव इंग्रजीत टाका : शर्ट, खाकी ड्रिल, १९४२. सपाट मांडलेल्या कपड्याचा फोटो मिळाला तर तोच घ्या. पुतळ्यावर चढवलेल्या कपड्याच्या फोटोवरून माप काढता येत नाही.

तुमच्या कामासाठी मात्र जुना फर्मा शोधण्यात हंगाम घालवू नका. हातात असलेल्या साध्या शर्टाच्या ड्राफ्टवरून (मापांच्या आखणीवरून) काम होतं, फरक बरोबर करायला हवेत. त्या काळी बऱ्याच शर्टांची बटणपट्टी छातीपर्यंतच असे आणि शर्ट डोक्यातून घालावा लागे. घेर सैल ठेवा, छातीच्या मापावर ६ ते ८ इंच जास्त. बटणं साधी, चार भोकांची, पितळी नकोत.

चड्डीत खरी चूक होते ती आसनात, म्हणजे कंबरेपासून पायांच्या जोडापर्यंतच्या उंचीत. आजची पँट कंबरेच्या खाली बसते, तेव्हाची बेंबीवर बसे. आज आसन ९-१० इंच धरत असाल तर इथे १२ ते १३ धरा. पुढे दोन-दोन चुण्या, पायाचा घेर २६ ते २८ इंच, लांबी गुडघ्याच्या थोडी वर. आसन न वाढवता नुसता घेर वाढवला तर नट शाळकरी मुलासारखा दिसतो आणि खाली बसताना शिवण उसवते. कंबर वर गेली की शर्ट कंबरेत नीट बसतो आणि शिपायाची उभी राहण्याची ढब आपोआप दिसते. अधिकाऱ्याला चार खिशांचं, त्याच कापडाच्या पट्ट्याचं बुश जॅकेट द्या.

कापड सुतीच घ्या. टेरिकॉट खाकी स्वस्त पडतं, पण रंगमंचाच्या दिव्यांखाली चमकतं आणि लगेच पोलीस चौकी आठवते. छटा फिकट, वाळूकडे झुकणारी निवडा. नागपूरच्या गांधीबागेत ठोक घेतलंत तर सगळं एकाच ताग्यातलं मागा, दोन ताग्यांचा रंग सहसा जुळत नाही. ५८ इंच पन्ह्यात ४० छातीला पूर्ण बाहीच्या शर्टासाठी सुमारे सव्वादोन मीटर आणि चड्डीसाठी सव्वा मीटर लागेल. बेतण्याआधी कापड रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. कोरी ड्रिल उभ्या धाग्यात ३ ते ५ टक्के आटते. ३० इंच लांबीत इंच-दीड इंच सहज जातो. प्रयोगागणिक नट बदलतात, म्हणून बाजूच्या शिवणीत इंचभर कापड आत राखा. तुमच्याकडचं नाटक रात्रभर चालतं, तेही थंडीत, त्यामुळे जाड ड्रिल कुणाला नकोशी होणार नाही.

प्रश्न : पैसे भरून घेतलेला फर्मा ए-फोर कागदांवर छापून जोडला. जॅकेट दीड-दोन इंच लहान आलं. फर्मा चुकीचा असेल का?
— एक वाचक, दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : फर्मा बहुतेक बरोबर आहे, छपाई चुकली. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर 'फिट टू पेज' चालू राहिलं की चित्र चार-पाच टक्क्यांनी आक्रसतं. तयार छाती ४४ हवी असेल तर पाच टक्क्यांत २.२ इंच गेले. 'अ‍ॅक्चुअल साइज' निवडा, आधी फक्त मापाचा चौकोन असलेलं पान छापा आणि पट्टी लावा. ४ इंचाचा चौकोन ४ इंचच भरला पाहिजे, उभाही आणि आडवाही. पानं चिकटवण्यापेक्षा नकाशे छापणाऱ्याकडे मोठ्या कागदावर घ्या, किंवा तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे छापा. फ्लेक्सचा फर्मा फाटत नाही, खडूने कडेकडेने आखता येतो. फक्त घडी न घालता गुंडाळून ठेवा.

प्रश्न : जुन्या इंग्रजी पुस्तकातल्या ट्यूनिकचा ड्राफ्ट ४२ छातीला काढला. पुस्तकात आकडे ३६ छातीचे आहेत. शिवल्यावर छाती आवळते, मुंढा (बाही जोडायची गोलाई) काखेत रुततो, आणि तरी लांबी जास्त झाली.
— एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : तिन्ही तक्रारींची मुळं वेगळी आहेत.

लांबीचं आधी. त्या पुस्तकांत 'स्केल' म्हणजे अर्धी छाती. ३६ ला ती १८, तुमच्या ४२ ला २१. म्हणजे ड्राफ्टमधला ३ इंच तुम्हाला साडेतीन झाला पाहिजे. पण हे प्रमाण आडव्या मापांना लावायचं. पाठीची लांबी, कंबर कुठे येते, बाही ही उभी मापं अंगावरूनच घ्या. माणसाची छाती ६ इंचांनी वाढली म्हणून त्याची पाठ तेवढी लांब होत नाही.

छाती आवळते ती शिवणीमुळे. त्या काळचे बरेच ड्राफ्ट दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) शिवण धरूनच काढलेले असतात. आपण सवयीने अर्धा इंच दाबतो. ट्यूनिकला मधली पाठ एक, पाठ आणि साइड-बॉडी (काखेखालचा तुकडा) यांच्या दोन, साइड-बॉडी आणि पुढा यांच्या दोन अशा पाच शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन सूत जादा गेलं की अर्धा इंच, पाचांत मिळून अडीच इंच. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत शिवण धरली आहे की नाही ते दिलेलं असतं; ते वाचूनच कात्री लावा.

आता मुंढा. जुन्या कोटाचा मुंढा उंच आणि अंगाबरोबरच असतो, त्यामुळेच हात उचलला तरी कोट वर चढत नाही. रुततो म्हणून खालून खोल केलात तर उलट होईल : हात उचलताच सगळं जॅकेट वर ओढलं जाईल. आधी शिवणी सोडवून घेर परत मिळवा. मग लागलंच तर मुंढ्याच्या पुढच्या वळणात फक्त दोन सूत काढा, तळाला हात लावू नका. खांद्याची शिवणही मुंढ्याकडे मागे, पाठीच्या फऱ्यावर उतरलेली असते. ती आजच्यासारखी खांद्याच्या माथ्यावर आणलीत तर कितीही बटणं, गोंडे लावा, जुना कोट दिसणार नाही.

हे सगळं मांजरपाटावर करून बघा. धावदोरा घालून नटाला चढवा आणि बंदूक रोखल्यासारखा हात धरायला लावा. आरशासमोर ताठ उभं करून दोष कळत नाही.

प्रश्न : असा वेश शिवणं, घालणं कायद्याने चालतं का?
— एक वाचक, आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने तसा वेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. रंगमंचावरच्या वेशात तो हेतू नसतो. तरी वेश रंगपटातच चढवा आणि तिथेच उतरवा. तो घालून चहाला बाहेर पडू नये. सैन्याच्या सध्याच्या ठिपक्यांच्या गणवेशाची नक्कल शिवूच नका. आणखी एक : बाजारात मिळणारी अशोकस्तंभाची बटणं आणि हुद्द्याची चिन्हं १९४२ च्या नाटकात लावू नयेत. ते राजचिन्ह २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलं गेलं. त्याआधी त्या जागी ब्रिटिश मुकुट असे.

प्रश्न : घरात पणजोबांचा दुसऱ्या महायुद्धातला लोकरी कोट आहे. उसवून फर्मा काढू का?
— एक वाचक, पुलगाव, जि. वर्धा

उत्तर : उसवू नका, धुऊही नका. न उसवता फर्मा निघतो. आधी प्रत्येक तुकड्याचा उभा धागा ओळखून त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा सैल टाका घाला. टेबलावर जाड कांबळं, त्यावर ब्राऊन पेपर, त्यावर कोटाचा एकच तुकडा सपाट पसरा. बाकीचा कोट बाजूला उशीवर ठेवा म्हणजे ओढ बसणार नाही. शिवणीच्या खाचेतून बारीक टाचणी कागदापर्यंत उभी टोचत चला, सरळ रेषेत दर इंचाला, वळणावर दर दोन सुतांना. गंजकी टाचणी वापरू नका, डाग जात नाही. मग ठिपके जोडा, शिवण वेगळी धरा. एकमेकांना शिवायच्या प्रत्येक दोन कडांची लांबी टेपने मोजून ताडा. दोन सुतांचा फरक चालतो, पण खांद्याला पाठीची शिवण पुढच्यापेक्षा जास्त लांब निघाली तर ती चूक समजून कापू नका. शिंप्याने तिथे इस्त्रीने कापड आटवून बसवलेलं असतं. बाहीच्या माथ्यालाही तसंच.

डाव्या-उजव्या दोन्ही बाजू काढा. वापरलेला कोट एका खांद्याला उतरतो, त्यातली कमी ताणलेली बाजू फर्म्याला घ्या. आतल्या खिशावर शिक्का, साल, आकार छापलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, पुढचा सगळा शोध त्यावरून सोपा होतो. काम झालं की कोट धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या पुडीत बांधून बाजूला ठेवा, लोकरीला लागू देऊ नका. पावसाळा संपला की एकदा उघडून बाह्यांच्या आणि कॉलरच्या खाली कसर लागली आहे का ते बघा.